जिनिंगच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल फिल्टर करून घेतलं, सगळा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा काऊन कापला ते पुढे येईलच. थोडं लांबलं आहे, पण ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, जिनिंग असो, दालमिल असो की ऑइल मिल, त्यांनी पूर्ण वाचा.

मी पांढरकवडा रोडवरच्या एका जिनिंगमध्ये चौदा वर्षांपासून इलेक्ट्रिकलचं पाहतो. आमचा 500 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, 11 केव्हीवरून 433 व्होल्टवाला, पोटात साडेपाचशे लिटर तेल. एचटी म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन, त्यात ट्रान्सफॉर्मर आपला, निगा आपली, गावातली डीपी जळली तर लाईनमनला फोन लावता येतो, इथं हंगामात जळला तर गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन लागते आणि शेतकरी दोन-दोन रात्री बैलगाडीखाली झोपतो. आतली कॉइल गार ठेवायचं आणि ठिणगी अडवायचं काम तेलच करते, म्हणून या तेलाचं मला टेन्शन असते.

आधीच्या वर्षी एका दुसऱ्या पार्टीकडून फिल्टर करून घेतलं होतं. स्वस्तात केलं, सकाळी आले आणि जेवायच्या आत गेले, जाताना कागद दिला बीडीव्ही 60 केव्ही. बीडीव्ही म्हणजे तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकते आणि कुठं ठिणगी मारते तो आकडा. तेव्हा मला बरं वाटलं. पण त्या माणसानं टेस्टच्या मशीनच्या कपात तेल ओतलं आणि पाचेक मिनिटांत सहाच्या सहा रीडिंग लिहून मोकळा झाला, ते मनात खटकत राहिलं. आता समजलं की ते शक्यच नाही. कपातल्या दोन इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे वीज देणाऱ्या दोन टोकांमध्ये, 2.5 मिलिमीटरची फट, व्होल्टेज सेकंदाला 2 केव्हीनं चढवायचं, म्हणजे 60 ला पोचायलाच अर्धा मिनिट, आणि प्रत्येक ठिणगीनंतर तेल हलवून दोन मिनिटं थांबायचं, कारण ठिणगीनं कार्बन आणि बुडबुडे तयार होतात ते बाजूला व्हायला पाहिजेत. सहा रीडिंगला वीसेक मिनिटं लागणारच. तुमच्यासमोर कोणी पाच मिनिटांत सहा रीडिंग काढत असेल तर तो आकडे लिहून राहिला, टेस्ट नाही करून राहिला, हे ध्यानात ठेवा.

तर यंदा पोळा झाल्यावर या फिल्टरवाल्यांना बोलावलं, ज्यांना मी स्टार देऊन राहिलो, नागपूरहून आले. मशीन लावायच्या आधी नुसतं सॅम्पल घ्यायला एक माणूस पहिले पाठवला, हेच मला पहिल्यांदा आवडलं. त्या दादांनी एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाईन तोडायचा स्विच, उघडायला लावला, डीओ म्हणजे खांबावरचे फ्यूज खाली घेतले, उरलेला चार्ज जमिनीत सोडायला डिस्चार्ज रॉड लावला, मगच खालच्या व्हॉल्व्हला हात लावला. मी आपला नेहमीसारखा पुसायला कॉटन वेस्टचा गोळा पुढं केला. त्यांनी हात मागं घेतला. म्हणे, "भाऊ, हे नको, ह्याचा एक तंतू कपात गेला तर तुमचं चांगलं तेलही नापास होते." आमच्याकडं तर रुई हवेतच असते, गेल्या हंगामाची रेडिएटरच्या फटीत चिकटून होती. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दुसरं गुळगुळीत कापड काढलं, व्हॉल्व्ह पुसला, पहिलं दीड-दोन लिटर तेल बादलीत सोडून दिलं, बाटली त्याच तेलानं दोनदा विसळली आणि मग भरली.

तंतूचं असं काय ते मी विचारलं तर ओट्यावर बसून नीट सांगितलं. ओला तंतू तेलात असला की वीज त्याला ओढते, तो दोन टोकांच्या मधात उभा राहतो, त्याच्या मागं दुसरा येऊन चिकटतो, असा तेलात पूल तयार होते आणि त्या पुलावरून ठिणगी जाते. नुसतं पाणी, नुसता कचरा यांनी एवढं बिघडत नाही, दोन्ही एकत्र आले की मग भारी पडते. चौदा वर्षं मी त्याच वेस्टनं व्हॉल्व्ह पुसून सॅम्पल पाठवत होतो, तेव्हा वाईट वाटलं.

रीडिंग माझ्यासमोर घेतले, मी मोबाईलवर टाईम लावला होता. 18, 22, 16, 24, 19, 21. सरासरी 20. वापरातल्या आपल्या लेव्हलच्या ट्रान्सफॉर्मरला 30 च्या खाली गेलं की तेल खराब धरतात. वर्षभरात 60 चं 20 झालं, का 60 आधीपासून नव्हतंच, ते आता सांगता येत नाही, मी त्या लोकांचं नावही घेत नाही.

आता पाणी येते कुठून ते ऐका, कारण जिनिंगवाल्यांचा प्रॉब्लेम वेगळा आहे. दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत आपला लोड फुल, मग उन्हाळा आणि अख्खा पावसाळा ट्रान्सफॉर्मर नुसता ऑफिसचे लाईट आणि बोअरच्या मोटरवर चालू. तेल दिवसा तापून फुगते, रात्री आकसते, आकसलं की वरची कन्झर्व्हेटर टाकी बाहेरची हवा आत ओढते. ती हवा ब्रीदरमधून येते, त्यात सिलिका जेल असते, निळं म्हणजे कोरडं, गुलाबी म्हणजे ओल पिऊन भरलं. आमचं अर्धं गुलाबी होतं आणि ब्रीदरच्या खालच्या वाटीत तेलच नव्हतं. ती वाटी एवढीशी असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण तिच्यातल्या तेलामुळंच बाहेरची हवा जेलला रात्रंदिवस लागत नाही. वाटी कोरडी होती म्हणजे श्रावणातली सगळी दमट हवा सरळ जेलला भिडत होती.

आणि माझी दुसरी चूक ड्रमची. टॉपअपसाठी तेलाचा एक ड्रम शेडच्या बाहेर उभा ठेवला होता, बूच वर. बूच तर घट्ट होतं, मग पाणी कसं जाईल असं मी म्हटलं. पण उभ्या ड्रमच्या माथ्यावर पावसाचं पाणी साचते, दुपारी ड्रम तापते, रात्री गार होते, आतली हवा आकसते आणि बुचाच्या आट्यातून ते पाणी थेंब थेंब आत ओढल्या जाते. ड्रम आडवा ठेवायचा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे आतून बुचावर तेल राहते. उघड्यावर तर ठेवायचाच नाही. त्यांनी त्या ड्रममधलं थोडं तेल पळीत घेऊन शेगडीवर गरम करून दाखवलं, फोडणीत ओली मोहरी पडावी तसं तडतडलं. मशीननं मोजायची गरजच नव्हती. ते तेल मी एप्रिलमध्ये ट्रान्सफॉर्मरमध्ये ओतलं होतं.

मशीन आणायचा दिवस ठरला त्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. मशीन निघालं नव्हतं, त्यांनी फोन केला आणि आज नको म्हणाले, गॅसकेट म्हणजे जोडातले रबर बदलायचे आहेत, ब्रीदर खोलायचा आहे, ओल्या हवेत टाकी उघडायची नाही. मालक चिडले, पण मला पटलं. चार दिवसांनी कडक ऊन पडलं तेव्हा आले.

कामाचं सांगायचं तर दीड दिवस चाललं. मशीन ट्रॉलीवर, तासाला हजार लिटरचं. तेल खालून घेते, जाळीतून जाते, हीटर, मग व्हॅक्यूमचं भांडं, मग बारीक फिल्टर, आणि वरून परत ट्रान्सफॉर्मरमध्ये. व्हॅक्यूममध्ये पाणी कमी तापमानालाच उकळून वाफ होते, म्हणून तेल जाळावं लागत नाही. त्यांनी 65 डिग्रीच्या वर जाऊ दिलं नाही. आधीच्यांनी जवळपास 90 ला नेलं होतं, घाई होती त्यांना, मला तेव्हा काय समजे, पण तेवढं तापवलं की तेल स्वतःच म्हातारं व्हायला लागते. व्हॅक्यूमही यांनी फक्त मशीनच्या भांड्यात ठेवलं, ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवर नाही, कारण आपल्यासारख्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची टाकी त्यासाठी बनलेली नसते, पत्रा आत बसू शकतो. मशीनला आणि पाईपला वेगळं अर्थिंग दिलं. तेल पाईपातून नुसतं वाहलं तरी त्यात चार्ज तयार होते, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

साडेपाचशे लिटर तेल आणि तासाला हजार लिटरचं मशीन, म्हणजे अर्ध्या तासात काम झालं असं मालकांना वाटत होतं. इथं त्या हेड मिस्त्रींनी जे सांगितलं त्यासाठी मी हे सगळं लिहून राहिलो. म्हणे, तेल हा ट्रान्सफॉर्मरचा जीव नाही, कागद आहे. आतमध्ये कॉइलला क्राफ्ट पेपर गुंडाळलेला असते, आणि एकूण पाण्यापैकी बहुतेक सगळं त्या कागदात असते, तेलात अगदी थोडं. गरम असताना कागद पाणी सोडते आणि तेल घेते, गार झालं की परत कागद ओढून घेते. म्हणून गार तेलाचा आकडा चांगला आला तरी कागद आत ओलाच राहू शकते. तेल बदलता येते, ड्रम विकत मिळते, कागद नाही बदलता येत, कॉइलच नवीन भरावी लागते. आणि कागद ओला असला, तेलात ॲसिड असलं आणि उष्णता असली की त्याचे धागे तुटत जातात, सहा डिग्री जास्त तापमान म्हणजे आयुष्य जवळपास अर्धं. आपल्या इकडे मे महिन्यात सावलीतच 45-46 असते, आणि एप्रिलपर्यंत कापूस आला की लोड सुरूच, मग हिशेब तुम्हीच लावा.

म्हणून ते गरम तेल फिरवत राहिले, बारा-तेरा फेऱ्या झाल्या, कागदानं पाणी सोडावं म्हणून. तरी त्यांनी आधीच सांगून ठेवलं, "आज 60 च्या वर देतो, पण लोड आल्यावर खाली येईल, घाबरू नका, कागद पाणी सोडतो तेव्हा असंच होते." शेवटची रीडिंग 58, 62, 64, 61, 66, 61, सरासरी 62. काम संपल्यावर लगेच चार्ज करू दिलं नाही, रात्रभर ठेवलं, सकाळी बुशिंगपाशी, म्हणजे तार आत जाते त्या चिनी मातीच्या खुंटीपाशी, हवा काढली आणि मग डीओ चढवले. तेलात बुडबुडा राहिला आणि लाईन दिली तर तिथंच ठिणगी पडते.

लोड चालू होऊन तीन आठवड्यांनी स्वतःच येऊन परत सॅम्पल घेतलं, त्याचे वेगळे पैसे नाही. 47 आलं. जसं सांगितलं होतं तसंच. 47 पाहून मला जेवढा भरोसा वाटला तेवढा 62 पाहून वाटला नव्हता.

लॅबच्या रिपोर्टमध्ये ॲसिड 0.16 आहे, 0.3 च्या वर गेलं की वाईट धरतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आमच्या फिल्टर मशीननं पाणी, हवा आणि कचरा निघते, ॲसिड निघत नाही. त्याला तेल फुलर्स अर्थमधून, म्हणजे मुलतानी मातीच्याच जातीच्या मातीतून गाळावं लागते, ते काम वेगळं आणि तुम्हाला सध्या गरज नाही. विकता आलं असतं, विकलं नाही. गॅसची टेस्ट मात्र करून घ्या म्हणाले, तेलात विरघळलेल्या गॅसवरून आत काय चाललं ते समजते, ॲसिटिलीन निघालं तर आत आर्क, म्हणजे मोठी ठिणगी, होऊन राहिला, इथिलीन वाढलं तर कुठंतरी खूप तापून राहिलं, कार्बन मोनॉक्साईड वाढला तर कागदाकडे पाहायचं. आमच्यात ॲसिटिलीन निघालं नाही. देवाची कृपा.

मी वनस्पती तेलाचंही विचारलं, कारण आमच्या जिनिंगला आगीची भीती सगळ्यात मोठी, ट्रान्सफॉर्मरपासून रुईचा ढीग काही लांब नाही. सोयाबीनपासून बनवलेलं ट्रान्सफॉर्मरचं तेल मिळते, साधं तेल एकशे साठ-सत्तर डिग्रीला पेट धरून जळत राहते, ते साडेतीनशेच्या आसपास, आणि जमिनीवर सांडलं तरी कुजून जाते. सोयाबीन आपल्या वावरातलं, म्हणून मला फार बरं वाटलं ऐकून. पण ते म्हणाले तुमच्या या ट्रान्सफॉर्मरमध्ये नको, हा बाहेरची हवा घेतो आणि ते तेल उघड्या हवेत घट्ट होत जाते, त्याला बंद टाकी पाहिजे. नवीन घ्याल तेव्हा विचार करा. मालकांच्या डोक्यात मी ते घालून ठेवलं आहे.

अर्धा स्टार कशासाठी कापला तर पाईपच्या जोडातून तेल गळलं आणि खाली ट्रे नव्हता, आमच्याच वाळूनं मला ते झाकावं लागलं, आणि रिपोर्ट आठ दिवस उशिरा आला तोही पूर्ण इंग्रजीत. फोन दुपारी उचलतच नाहीत, संध्याकाळी सातनंतर लावा. रेट आधीच्या पार्टीपेक्षा जवळपास दीडपट आहे, गाडीभाडं वेगळं. दोन-तीन जिनिंगवाल्यांनी मिळून एकाच फेरीत बोलावलं तर भाडं वाटल्या जाते, राळेगाव-घाटंजीकडच्या कोणाला पुढच्या सप्टेंबरात करायचं असेल तर मला कळवा, आम्ही परत बोलावणारच आहोत. सॅम्पलच्या दिवशी स्वतः उभे राहा आणि जवळ कॉटन वेस्ट ठेवू नका.