एकेक लाइट लावून दाखवला, आणि मी पैसे देऊन मोकळा झालो

मावसभाऊ रामटेकजवळ खिंडसी तलावात मासेमारी करतो. आमचा दोघांत मिळून फायबरचा एक डोंगा आहे आणि तो वाहून न्यायचा ट्रेलर नागपुरात माझ्या दारात उभा असतो. त्याच्या वायरिंगचे ६,८०० रुपये गेले ते गेलेच. पण त्या रात्री एका पोराचा जीव गेला असता, हे डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

ट्रेलर दर वेळी पाण्यात उतरतो. म्हणून मी वायरिंगच्या दुकानात आधीच सांगितलं होतं, टिन चढवलेली तांब्याची वायर हवी आणि प्रत्येक लाइटला वेगळी अर्थची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर हवी. दुकानदाराने साध्या कागदावर दोन्ही लिहून दिलं. संध्याकाळी गेलो तर काम तयार. वायरचा तुकडा ब्लेडने खरवडून त्याने माझ्यासमोर धरला, "बघा भाऊ, पांढरी आहे न? टिनच आहे." मग डावा इंडिकेटर लावला, बंद केला. उजवा लावला, बंद केला. तसाच ब्रेक, तशीच पार्किंग. सगळं लागलं. मी पैसे दिले.

खिंडसीला दिवसाउजेडी पोचलो. परतताना अंधार पडला. मनसर सोडून महामार्गाला लागलो आणि पुढे ट्रक थांबला म्हणून मी ब्रेक मारला. मागे टायर घासल्याचा आवाज आला. मोटरसायकलवरचा पोरगा शेजारी येऊन थांबला, हात थरथरत होते त्याचे. म्हणाला, "काका, तुम्ही ब्रेक मारला की मागचे लाइट विझून राहिले!"

खरंच विझत होते. भावाला मागे उभं करून पाहिलं. पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला की दिवे उजळायच्या ऐवजी मंदावत, आणि इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर बाकीचेही लुकलुकत. अर्थ तुटला की असंच होतं, करंटला परतायला वाट उरत नाही आणि तो दुसऱ्या बल्बमधून वाट शोधतो.

घरी दिवा उघडला. चार इंचाची काळी वायर, आणि ती रंगावरच स्क्रूने ट्रेलरच्या लोखंडी अँगलला ठोकलेली. ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या सात पिनच्या प्लगात तीन नंबरची पिन अर्थची असते, ती रिकामी! म्हणजे सगळा करंट अँगलमधून, ट्रेलर गाडीला अडकवायच्या कपलिंगमधून, ते ज्यावर बसतं त्या ग्रीस आणि गंज लागलेल्या बॉलवरून गाडीत परतत होता. एक बल्ब असला तर तेवढ्यावर भागतं. म्हणूनच त्याने एकेक लावून दाखवला. सगळे दिवे लावून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी दिव्याच्या अर्थला धरली, तर पाच व्होल्ट! तिथे एका व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास दिसायला हवं.

वायर तर सरळ फसवणूक. टिन चढवलेली वायर बाहेरून पांढरी असते आणि खरवडली की आतून तांबं निघतं. माझी बाहेरून तांबडी, आतून पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ब्लेडने पांढरं काढून त्याने मला उलटंच पटवलं, आणि मी पटवून घेतलं.

दुकानात गेलो तर म्हणे, "बॉडी अर्थ सगळ्याच गाड्यांना असतो." गाडीची बॉडी एकसंध असते हो, इथे मधे हलतं कपलिंग आहे! कागदावर ना शिक्का ना दुकानाचं नाव. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पण पक्कं बिल नसल्याने हाती काही लागलेलं नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर वायरचा प्रकार लिहून घ्या.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी सगळं काढून नव्याने केलं. दोन ब्रेकचे २१-२१ वॅट, एका इंडिकेटरचे २१, पार्किंगचे ५-५, सगळा मिळून सहा अँपियर परत येतो, म्हणून अर्थची वायर बाकीच्यांपेक्षा जाड घेतली आणि प्रत्येक दिव्यापासून थेट तीन नंबरच्या पिनेपर्यंत आणली.

पैसे देण्याआधी दुकानातच कपलिंग बॉलवरून उचलायला लावा, प्लग मात्र लावलेला ठेवा. मग पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही एकदम. आमचा ट्रेलर आता असा उचलून धरला तरी सगळे दिवे भरपूर उजेडाने लागतात. त्या दिवशी दुकानात एवढं केलं असतं तर सगळेच दिवे तिथेच विझले असते.