वेलणकर सोनचाफ्याचं कलम: पुण्याच्या मातीत कसं आहे?

सोनचाफा दारात हवा असतो सगळ्यांना, पण बियांपासून वाढवलेलं झाड दुमजली घराच्या वर जातं, फुलं शेंड्याला लागतात आणि पहिल्या फुलासाठी सात-आठ वर्षं वाट बघावी लागते. वेलणकर जातीच्या कलमानं हे सगळं सोपं केलंय. कुडाळकडची ही जात आता पुण्यातही सहज मिळते. उरुळी कांचनच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून मी दोन कलमं आणली, साडेतीनशे रुपयांना एक. एक अंगणात लावलं, एक गच्चीवर मोठ्या कुंडीत. दोन्ही मनापासून आवडली आहेत.

नर्सरीवाल्या दादांचं कौतुक करायलाच हवं. त्यांनी घाई केली नाही, कलमाचा जोड स्वतः दाखवला. घेताना तुम्हीही तो बघाच. मातीपासून वीतभर वर खोडावर तिरकी खूण दिसते, तिथे प्लॅस्टिकची पट्टी किंवा तिचा वळ असतो. जोडाखालची साल जरा खरबरीत, वरची कोवळी आणि हिरवट. ही खूण नसेल तर ते बियांचं रोप आहे, विकणारा काहीही म्हणो. मला आधी दुसऱ्या एका ठिकाणी कलमाच्या भावात असं साधं रोप दाखवलं होतं. पिशवीतल्या कलमाला एखादी कळी आलेली असेल तर आणखी चांगलं. आणि जोडाच्या खालून फुटवा आला की लगेच खुडायचा, तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या रोपाचा असतो. वाढू दिला तर वरचं कलम मागे पडतं.

चाफ्याची मुळं मांसल असतात, दुखावलेली त्यांना चालत नाहीत. पिशवी ब्लेडनं कापा, मातीचा गोळा अजिबात फोडू नका. मी पाऊस सुरू झाल्यावर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात शेणखत आणि लाल माती घालून लावलं. जोड मातीच्या वर राहील याची काळजी घेतली. ऊन किमान पाच-सहा तास हवंच. पाणी नियमित द्यायचं, पण साचू द्यायचं नाही. काळ्या चिकट मातीत खड्ड्याच्या तळाला विटांचे तुकडे टाकून भागत नाही, पाणी तिथेच थांबतं. त्यापेक्षा उंचवटा करून लावणं बरं.

पुण्यात खरा त्रास देतं ते पाणी. आमचं बोअरचं पाणी क्षारांचं, मातीत चुनखडी. दुसऱ्या उन्हाळ्यात कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता. माती अल्कधर्मी असली की लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. मी चिलेटेड लोह (अशा मातीतही झाडाला घेता येतं असं लोह) पाण्यातून दिलं, कुंडीला साठवलेलं पावसाचं पाणी घातलं, नवी पानं हिरवी आली. नर्सरीत मिळणाऱ्या माहितीच्या कागदावर याबद्दल एक ओळसुद्धा नाही. पुण्यातल्या गिऱ्हाइकासाठी ती असायलाच हवी.

पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्याही दिसतील. त्यातल्या काही टेल्ड जे नावाच्या सुंदर फुलपाखराच्या असतात. कलम जोमदार असेल तर राहू द्या. पिठ्या ढेकूण मात्र दिसल्या दिसल्या धुऊन काढायचे.

आता फुलांबद्दल. कळी आधी बारीक लव असलेल्या हिरवट टोपणात असते. टोपण गळून पडलं आणि कळी पिवळी दिसायला लागली की दुसऱ्या दिवशी पहाटे ती अर्धवट उमलते. तेव्हाच खुडायची. दुपारपर्यंत झाडावर ठेवली तर पाकळ्या सैल पडतात, वासही उतरतो. वसईचे बागायतदारही फुलं पहाटेच खुडून दादरच्या बाजारात पाठवतात. वाटीभर पाण्यात ठेवलेली दोन फुलं आमचा सगळा दिवाणखाना भरून टाकतात.

फुलं पानाच्या बगलेत, नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणी हवीच. दर वर्षी शेंडे मारून मी झाड सहा-सात फुटांवर ठेवते, म्हणजे सासूबाईंनाही हात वर करून फूल काढता येतं. बी धरायला लागलेले घोस काढून टाका, त्यात झाडाची ताकद जाते. अंगणातल्या झाडाला पावसाळ्यात रोज परडीभर फुलं मिळतात, हिवाळ्यात अगदी थोडी. कुंडीतलं त्याच्या निम्मंही देत नाही, म्हणून जमिनीत हातभर जागा असेल तर कुंडीच्या वाटेला जाऊ नका.

आता तिसरं कलम धाकट्या बहिणीसाठी सांगून ठेवलंय. ती रत्नागिरीला असते, तिथली जांभ्याची आम्लधर्मी माती याला फार मानवेल. फक्त पाऊस जबरदस्त, त्यामुळे उतारावरची जागा निवडायला सांगितली आहे.