घरातल्या पागोळ्या: हुकवाला बाक, आठ महिने वापरल्यानंतर

दारात बसून चपला घालायचा हा बाक पाडव्याच्या सेलमध्ये घेतला होता, आता दिवाळी उरकली, म्हणजे धरून चाला आठ महिने. मे महिन्यात मी याला पाच स्टार दिले होते आणि फोटोपण टाकला होता, त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं की पावसाळ्यानंतर सांगा कसा आहे. तर आता सांगते, आणि आधीच सांगते की माझा सगळा राग हुकांवर आहे, बाकावर नाही.

स्पेक्स तुम्ही बघितलेच असतील. ९० सेंमी रुंद, बसायची उंची ४६, वर साडेपाच फुटावर पाच हुकांची पट्टी, खाली चपलांचे दोन कप्पे. मला पडला ८,४९९ ला. जोडून द्यायचे वेगळे ५९९ मागत होते, ते मी दिले नाहीत. एक षटकोनी किल्ली फिरवायचे सहाशे रुपये? नाही.

आम्हाला हा घ्यायचं खरं कारण सासूबाई. गुडघ्यांमुळे त्यांना उभ्याने सँडलचा पट्टा लावता येत नाही, भिंतीला धरून एका पायावर तोल सांभाळत असायच्या आणि मला रोज धडकी भरायची. प्लास्टिकचं स्टूल ठेवलं तर ते सरकायचं. बाजारात बरेचसे शू-रॅकवाले बाक ४० सेंमीच्या आसपास असतात, दिसायला छान पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावरून उठताना आधार लागतो. ४६ वरून त्या हात न टेकता उठतात. घरात कुणी वयस्कर असेल तर बाकी काही बघू नका, आधी टेप घेऊन हे माप बघा.

आता लाकूड. विक्रीच्या पानावर ठळक अक्षरात 'सॉलिड शीशम'. एक तर शीशम म्हणजे आपलं शिसव नव्हे. आजोळी जो काळाकुट्ट शिसवी पलंग होता, चार माणसं लागायची हलवायला, ते लाकूड आपल्या सह्याद्रीतलं. हे उत्तरेकडचं, त्याचा चुलतभाऊ म्हणा. तेही चांगलंच असतं, तक्रार नाही. पण खाली बारीक अक्षरात 'शीशम आणि एमडीएफ' असं होतं आणि ते 'आणि' मी वाचलं नाही. पाय, फ्रेम, बसायच्या तीन फळ्या शीशमच्या. पाठीची फळी आणि हुकांची पट्टी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाची, वर शीशमसारखं दिसणारं व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा. म्हणजे ज्यावर सगळं वजन लटकणार तीच पट्टी भुशाची. हे ज्याच्या डोक्यातून आलं त्याच्या घरी हुकाला बहुतेक फक्त रुमाल अडकवत असतील.

जोडायला मला आणि नवऱ्याला मिळून तीन तास वीस मिनिटं लागली, त्यातला एक तास पाठ उलटी लावली म्हणून परत सोडवण्यात गेला. सोबतच्या कागदावर एक शब्द नाही, नुसती चित्रं. टिप देते : सगळे बोल्ट आधी नुसते हाताने अडकवून घ्या, चारी पाय जमिनीला टेकलेत ना बघा, आणि मगच किल्लीने आवळा. आम्ही पहिला कोपरा कडक आवळला आणि शेवटच्या कोपऱ्यात भोकं अर्धा सेंमी इकडेतिकडे. एक बोल्ट कमी निघाला. कस्टमर केअरवाले म्हणाले सात ते दहा दिवसांत पाठवतो, मी रविवारी सकाळी पुण्याच्या हार्डवेअर बाजारात, बोहरी आळीत गेले, नमुना दाखवला, दुकानदाराने न बघता ड्रॉवरमधून तसाच काढून दिला, दहा रुपये. मी चार घेतले. पार्किंगचे वीस गेले ते वेगळे.

आणखी एक, बाक भिंतीला पक्का करणं टाळू नका. वर पाच हुकांवर सामान आणि बाकावर कुणी बसलेलं नाही अशा वेळी तो पुढे कलतो, नणंदेचा पाच वर्षांचा मुलगा त्यावर चढला तेव्हा कळलं. सोबत पट्टी आणि स्क्रूसाठी भिंतीत बसवायच्या गिट्ट्या देतात पण आमच्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, ठिसूळ ब्लॉकच्या, त्यात त्या छोट्या गिट्ट्या बोटाने उपसून येतात. लांब, मोठ्या नायलॉनच्या गिट्ट्या आणा आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर भोकाचं भगदाड होतं.

एप्रिल-मे मस्त गेले. हुकांवर नवऱ्याची लॅपटॉपची बॅग, कापडी पिशव्या, माझी ओढणी, सासूबाईंची छत्री. याच काळात मी ते पाच स्टार दिले. मूर्खपणा. फर्निचरचा रिव्ह्यू पुण्यात मे महिन्यात देऊच नये.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला. नवरा स्वारगेटहून धायरीपर्यंत भिजत आला, रेनकोट काढला, हुकाला अडकवला. अगदी बरोबर, त्यासाठीच तर हुक. आणि मग टप, टप, टप. हुक बाकाच्या बरोब्बर वर, त्यामुळे पाणी बसायच्या जागेवर. बसायच्या जागेत तीन फळ्या आणि मध्ये फटी, त्यामुळे तिथून खाली पहिल्या कप्प्यातल्या चपलांवर, तिथून दुसऱ्या कप्प्यात. पत्र्याच्या छपरावरून पागोळ्या गळाव्यात तशा घरात पागोळ्या, आणि मी आठ हजार चारशे नव्व्याण्णव देऊन आणलेल्या. सकाळी सासूबाई बसल्या तर साडी मागून ओली, मानेला गार रेनकोट चिकटला, त्या किंचाळल्याच.

मला हे समजतच नाही. ही डिझाईन ज्या थंडीच्या देशांतून उचलली तिथे लोक लोकरीचा कोरडा कोट अडकवत असतील. आपल्याकडे कोट म्हणजे लग्नातला, तो कपाटात डांबरगोळ्यांसोबत झोपलेला असतो. दारात अडकवायचं काय तर रेनकोट आणि हेल्मेट. एक ओला, एक जड. पुण्यात विकायला आणताना कुणी एकदा तरी जुलैत कुणाच्या दारात उभं राहून बघितलं असतं तर? हुक बाजूला, एवढाच बदल.

मी उपाय केले. आधी जुना टॉवेल, तो कुबट वास मारायला लागला. मग वर्तमानपत्र, त्याची शाई फळीवर उतरली. मग सासूबाईंची स्टीलची परात बाकावर ठेवली, हे उत्तम चाललं, पण मग बसणार कुठे? आणि हो, मी मोजलं. दोन रेनकोट, वरचं-खालचं धरून, रात्रभरात परातीत दीड वाटी पाणी. नवरा म्हणाला तू हे लिहून ठेवतेयस? ठेवतेच आहे, लागतं. गणपतीच्या आदल्या दिवशी मोदकांच्या उकडीसाठी सासूबाईंनी परात परत नेली आणि नीट घासून घेतली, माझ्याकडे न बघता.

पण त्याच्या आधी जुलैत दुसरंच प्रकरण झालं. बाकावर रोज सकाळी पिठासारखी बारीक भुकटी दिसायला लागली. मी म्हटलं संपलं, भुंगा लागला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या दिवाणाची सगळी कथा सांगितली त्यामुळे अजूनच घाबरले, २८० रुपयांचं औषध आणलं, सिरिंजने सगळ्या फटींमध्ये सोडलं, घरात दोन दिवस वास. भुकटी चालूच. आठव्या दिवशी रात्री अकराला धाडकन आवाज, मधला हुक दोन हेल्मेटांसकट खाली. एका हेल्मेटची काच फुटली. बघितलं तर भुंगा वगैरे काही नाही, ती भुकटी हुकाच्या भोकातून येत होती. ओला रेनकोट पट्टीला टेकलेला, स्क्रूच्या भोकाला आत काही लेप नाही, तिथून पाणी शिरलं, एमडीएफ पावासारखा फुगला, स्क्रू सैल झाला आणि हेल्मेटच्या प्रत्येक हेलकाव्याला थोडा थोडा भुसा बाहेर. स्क्रू तरी केवढा, माझ्या करंगळीच्या अर्ध्या पेराएवढा.

आणि मग कस्टमर केअर. एक वर्षाची वॉरंटी होती म्हणून मी निर्धास्त. चॅटवर चारदा फोटो मागितले, तेच चार फोटो, मग व्हिडिओ, मग 'हुक पडतानाचा व्हिडिओ आहे का' असं विचारलं. रात्री अकराला मी हुकासमोर कॅमेरा घेऊन बसले होते का? शेवटी उत्तर आलं की प्रॉडक्ट इनडोअर वापरासाठी आहे, ओलाव्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि हे 'कोट हुक' आहेत. मी लिहिलं, बाई, बाक घरातच आहे, पाऊस रेनकोटवर बसून आत आला. त्यावर 'आम्ही आपली गैरसोय समजू शकतो' आणि चॅट बंद.

इथे एक कामाचं सांगते. ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आहेत, त्यात तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असं आहे. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे, असतं पानाच्या अगदी तळाला. मी त्याला मेल टाकला, नियमाचा उल्लेख केला, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून त्या तक्रारीचा नंबरही मेलमध्ये लिहिला. भांडले नाही, एकही उद्गारचिन्ह नाही. दुसऱ्या दिवशी फोन, 'मॅडम, रिप्लेसमेंट पाठवतो.' सतरा दिवसांनी खोका आला. आत पट्टी वॉलनट म्हणजे गडद तपकिरी रंगाची, आमचा बाक मधाच्या रंगाचा. आणि हुक नाहीत. हुकांच्या पट्टीत हुक नाहीत! त्या दिवशी मी याचे पाचचे दोन स्टार केले, एकच करणार होते पण सासूबाई त्याच बाकावर बसून मेथी निवडत होत्या आणि मला लाज वाटली.

शेवटी आमच्या ओळखीचे मिस्त्री आले. बाक ठोकून बघितला, म्हणाले, "ताई, खालचं काम चांगलंय, वरचं खेळण्यातलं आहे." गावाकडच्या खिडकीच्या जुन्या चौकटीचा सागवानाचा तुकडा लॉफ्टवर पडून होता, सासरे वारले तेव्हापासून तो कुणी टाकूही देत नव्हतं आणि वापरूही. मिस्त्रींनी तो रंध्याने साफ केला, आतून लाकूड अगदी नवं निघालं. त्याची पट्टी केली, दीड इंची स्क्रू, भोकात आधी फेविकॉल मरीन. त्यावर कंपनीचेच तीन हुक, हेल्मेट आणि पिशव्यांसाठी. उरलेले दोन त्यांनी मी न सांगता बाकाच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला बसवले, चपलांच्या कप्प्यापासून लांब, खाली जमीन मोकळी. तिथे कुंडीखाली ठेवतात तसला मोठा प्लास्टिकचा ट्रे, १२० रुपये. रेनकोट तिथे. पागोळ्या ट्रेमध्ये. मजुरी ७०० घेतली आणि दोनदा चहा.

इतकी साधी गोष्ट. मी तीन महिने टॉवेल, पेपर, परात करत बसले आणि त्यांनी पाच मिनिटांत हुक हलवले. बाजूच्या हुकांवर जड काही लावू नका एवढंच म्हणाले, कारण तिथे फ्रेमची जाडी कमी आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस असाच गेला, बाक कोरडा. खालच्या कप्प्यात चामड्याच्या चपलांना पांढरी बुरशी आली पण ती आमच्याकडे सगळीकडेच येते, त्याचा दोष याला देणार नाही. पॉलिश बसायच्या जागी थोडं फिकं पडलंय, पेपरच्या शाईचा डाग आहे, नीट बघितलं तर राशिभविष्य वाचता येतं. जॉइंट एकही हललेला नाही, मी सहा महिन्यांनी एकदा किल्ली फिरवून बघितली, एक बोल्ट पाव आटा फिरला, बस.

हिशोब : ८,४९९ अधिक १० (बोल्ट चार घेतले, पण तीन उरलेत, ते धरत नाही) अधिक भुंग्याचं न लागलेलं औषध २८० अधिक मिस्त्री ७०० अधिक ट्रे १२०. हेल्मेटची काच वेगळी, ती मी मनात धरते. एवढ्यात मिस्त्रींकडूनच अख्खा बाक करून घेता आला असता का? विचारलं. म्हणाले, शीशममध्ये नाही, पण रबरवुडमध्ये बारा हजारांपर्यंत. म्हणजे तरी हा स्वस्तच पडला, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

आता चार स्टार करतेय. एक कापला तो हुकांचा, तो काही झालं तरी परत देणार नाही. घ्यायचाच असेल तर ओले कपडे बाल्कनीत वाळवायची सोय आहे का बघा, नाहीतर घेतल्या दिवशीच दोन हुक बाजूला हलवून घ्या, पावसाची वाट बघू नका.

ती वॉलनट पट्टी अजून पडून आहे. रंग जुळणाऱ्या कुणाला हवी असेल तर धायरीहून घेऊन जा, पैसे नकोत. हुक तुमचे तुम्ही बघा.