हाफ-लाइफ: आठ महिने पुन्हा खेळल्यानंतर

दोन हजारच्या दशकात गिरगावातल्या एका सायबर कॅफेत आम्ही मुले तासाचे पैसे मोजून काउंटर-स्ट्राइक खेळत असू. ज्या खेळातून तो जन्मला, तो व्हॉल्व्ह या कंपनीचा १९९८ सालचा ‘हाफ-लाइफ’ हा व्हिडिओ गेम मात्र माझ्या हाती फार उशिरा लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त आलेल्या अपडेटमुळे तो आजच्या रुंद पडद्यांवर नीट दिसू लागला, तेव्हा मी तो दादरच्या घरी जुन्या लॅपटॉपवर पुन्हा सुरू केला आणि पुढचे आठ महिने रात्रीची जेवणे आटोपल्यावर खेळत राहिलो.

सुरुवातीलाच भौतिकशास्त्रज्ञ गॉर्डन फ्रीमन ब्लॅक मेसा प्रयोगशाळेच्या ट्राममधून कामावर निघालेला असतो. कित्येक मिनिटे बंदूक नाही, शत्रू नाही. खिडकीतून बाहेर पाहायचे, एवढेच. रोज लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाला या प्रवासाची लय लगेच कळते. पुढे प्रयोग फसतो, परग्रहावरचे प्राणी प्रयोगशाळेत शिरतात आणि ज्या कॉरिडॉरमधून आपण थोड्या वेळापूर्वी सहकाऱ्यांशी बोलत गेलो, त्यांतूनच ठिणग्या आणि प्रेते ओलांडत परतावे लागते. मधे चित्रफीत लावून खेळाडूला बाजूला बसवण्याचा प्रकार येथे नाही; सर्व काही गॉर्डनच्याच डोळ्यांनी दिसते आणि हालचालीचा ताबा जवळजवळ शेवटपर्यंत आपल्याकडेच राहतो. मला या खेळाचे मोठेपण यातच वाटते.

याचा उत्तम नमुना म्हणजे ‘ब्लास्ट पिट’ हे प्रकरण. खोल गोल विहिरीतून तीन अजस्र सोंडा वर आलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांच्या चोची लोखंडी जाळ्यांवर टक्‌ टक्‌ आपटत असतात. त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येते. हातबॉम्ब दूर फेकला की चोची त्या आवाजाकडे वळतात, आणि तेवढ्यात आपण पाऊल न वाजवता सरकायचे असते. पावसाळ्यातल्या एका रात्री हेडफोन लावून हा भाग खेळताना मी खुर्चीतसुद्धा सावकाश हललो होतो.

प्रयोगशाळेत उतरलेल्या लष्कराच्या सैनिकांशी होणाऱ्या चकमकीही आज तितक्याच चुरशीच्या वाटतात, कारण ते समोर उभे राहून गोळ्या खात नाहीत. आपण आडोशाला दडून राहिलो की हातबॉम्ब टाकून आपल्याला बाहेर काढतात.

शेवटच्या झेन या परग्रही भागाबद्दल मात्र माझे मत आठ महिन्यांनंतरही बदललेले नाही. तिथल्या कमी गुरुत्वाकर्षणात तरंगत्या खडकांवर लांब उड्या मारताना अंदाज चुकतो आणि एफ६ कळीने खेळ जतन करून एफ७ ने तिथेच परत येण्यातच रात्र जाते. शिड्यांवरून पाय घसरण्याचा त्रासही सुरुवातीपासून आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत ठाण्याहून आलेल्या माझ्या बारा वर्षांच्या भाच्याला मी काही न सांगता ब्लास्ट पिटपाशी बसवले. दोनदा तो धावत सुटला आणि मेला. तिसऱ्या वेळी तो दारातच थांबला, बराच वेळ नुसता ऐकत राहिला, आणि मग त्याने पहिला हातबॉम्ब समोरच्या भिंतीकडे फेकला.