जुनी मंडई: पाडून संकुल की राखून चौक?

चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आत मासळीचे ओटे आणि बाहेर रस्त्याकडेला बसलेल्या भाजीवाल्या. कोकणातल्या एखाद्या गावाच्या मध्यावर अशी मंडई असली की कधी ना कधी तिच्या पुनर्विकासाचा ठराव येतोच. तुमच्याकडे तो आला असेल, तर हरकती-सूचना देण्याआधी दोन्ही पर्याय शेजारी ठेवून पाहा.

पहिला पर्याय म्हणजे सगळं पाडून बीओटीवर (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) संकुल. तळघरात पार्किंग, खाली गाळे, वर कार्यालयं आणि पुढ्यात पेव्हर ब्लॉकचा चौक. विकासक बांधतो आणि ठरलेली वर्षं उत्पन्न घेतो, त्यामुळे नगरपरिषदेच्या तिजोरीवर भार कमी पडतो. छोट्या गावासाठी ही बाजू मोठी आहे.

दुसऱ्यात मंडई दुरुस्त होते, मासळी-भाजी तिथेच राहते, पुढचं आवार गाड्यांना बंद होतं आणि मागे दुमजली नवी इमारत उभी राहते. तिच्यात वाचनालय, खानावळ, थोडे गाळे. इथे निधी जमवावा लागतो, काम रेंगाळू शकतं.

पार्किंगसाठी पहिला सोयीचा वाटतो. पण राजापुरात अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी जवाहर चौकात शिरतं, आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. नदी-खाडीकाठच्या गावाने तळघराचा नाद सोडावा. आराखड्याला पूररेषेचा नकाशा जोडलाय का, हे आधी विचारा.

खरा फरक चौकातच आहे. उघडा फरसबंद चौक पावसाचे चार महिने ओस पडतो, मे महिन्यात दुपारी तापतो. आपल्या घरांनी याचं उत्तर फार पूर्वी शोधलंय. अंगणाला लागून पडवी असते. पाऊस सरला की खळं, म्हणजे हेच अंगण, चोपून, सारवून त्यावर मांडव घालतात आणि मिरगाच्या आधी उतरवतात. गावच्या चौकालाही हेच हवं: मंडईभोवती रुंद पडवी, मधे आठ महिन्यांचा मांडव. पडवीत भर पावसात बाजार बसेल, मांडवाखाली रात्री दशावतार होईल. संकुलाच्या आराखड्यात पडवीची जागा गाळ्यांची शटरं घेतात. त्या चौकात खरेदीशिवाय थांबायला कारणच उरत नाही, आणि मला हे फार खुपतं.

मासेविकणाऱ्या बायांचं काय? 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे लागतात आणि विक्री-प्रमाणपत्रधारकाला 30 दिवसांच्या नोटिशीशिवाय हलवता येत नाही. कुठलाही पर्याय निवडा, त्यांच्या जागा नकाशावर आखून घ्या. नंतर गाळ्याचं भाडं त्यांना झेपत नाही.

‘जुन्या इमारतीचा नवा उपयोग काय?’ असं कोणी म्हटलं, तर पणजीकडे बोट दाखवा. तिथली जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत 2004 पासून इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी वापरात आहे.

माझं मत दुसऱ्याला. बांधकाम तपासणीत भिंती धोकादायक ठरल्या, तरच पाडण्याचा विचार करावा. दुरुस्ती मात्र चुन्यातच हवी. सिमेंटचा गिलावा चिऱ्यातली ओल आत कोंडतो. पैसा कमी असेल तर पहिल्या उन्हाळ्यात कौलं, वासे आणि पन्हळी, दुसऱ्यात गटारं आणि पडवी. मागची इमारत त्यानंतर.