मिनी मिलिंगला बेल्ट ड्राईव्ह बसवला, दोन महिने वापरून मग लिहितोय

गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला मशीन चालू करून ॲल्युमिनियमचा ब्लॉक मारत बसलो होतो आणि आवाजाच्या तक्रारीचा वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला नाही. ज्यांच्याकडं एक्स२ टाईपचं छोटं चायनीज मिलिंग आहे त्यांना एवढ्यावरच कळलं असेल मी काय म्हणतोय ते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मिलिंग म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापणारं मशीन, आणि तो कटर ज्या फिरत्या दांड्यात धरतात तो स्पिंडल. ह्या मशीनला ३५० वॅटची डीसी मोटर असते आणि मोटरपासनं स्पिंडलपर्यंत ताकद जाते प्लॅस्टिकच्या गिअरमधनं, हाय आणि लो असे दोन. प्लॅस्टिक एका अर्थी बरोबरच आहे, कटर अडकला तर महागाचं काही जायच्या आधी स्वस्तातला गिअर जावा. पण मी कोल्हापुरात राहतो, इथं छंद म्हणून ऑईल इंजिनचं मॉडेल नाही करायचं तर काय करायचं, आणि बिडाच्या फ्लायव्हीलवर तुटक कट घेताना दर दाताला ठोका बसतो. दोन सेट गेले. दुसऱ्या वेळी तर आधी टकटक आली, मग मोटर मोकळीच फिरायला लागली, कव्हर उघडलं तर अर्धे दात कणसाचे दाणे सोलावेत तसे साफ आणि सगळं ग्रीस पांढऱ्या चुऱ्यानं भरलेलं. मेटलचे गिअर मिळतात की, मी आणून बसवलेपण होते, पण आवाज असा झाला की आईनं खालनं विचारलं, पिठाची गिरणी घातलीस काय रे.

म्हणून मग बेल्टचं किट ऑनलाईन मागवलं, साडेआठ हजार. आत दोन ॲल्युमिनियमच्या दोन-स्टेपच्या पुल्या, मोटर उभी बसवायची प्लेट, एक पॉली-व्ही बेल्ट (आतनं लांबीभर बारीक व्ही आकाराच्या खाचा असलेला चपटा पट्टा) आणि बोल्टची पिशवी. बसवायला अवघड काही नाही. हेड कॉलमवरनं उतरवून टेबलावर घेतलं तर दोन तासाचं काम, न उतरवता केलं तर मानेचं दुखणं फुकट. प्लेटला लांबट स्लॉट आहेत, मोटर सरकवून बेल्टचा ताण ठेवायचा. बेल्टला गार्ड मात्र किटमध्ये दिलेलंच नाही, म्हणजे फिरणारी पुली तोंडासमोर आणि ड्रॉबारचा (कटर वरनं आवळायच्या लांब बोल्टचा) पाना त्याच्या शेजारीच, ही बचत कुणाला सुचली काय माहीत. मी ॲक्रिलिकचा तुकडा वाकवून केलं. गार्ड बसवल्याशिवाय स्वीच लावू नका.

आता खरं रडगाणं. पहिल्यांदा चालू केलं तर बेल्ट एका फेरीत ताठ, एका फेरीत ढिला, आणि कट घेतलेल्या पृष्ठभागावर बारीक लाटा. डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं गेज) लावून बघितलं तर स्पिंडलवरची पुली ०.०८ एमएम बाहेर पळतीय, म्हणजे मध्यावर फिरतच नाही. विकणाऱ्याला मेसेज केला, चार दिवसांनी उत्तर आलं की फोटो पाठवा. आता ०.०८ चा फोटो कसा काढायचा!

पुली खिशात घालून उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात गेलो, ओळखीच्या टर्नर मामांकडं. त्यांनी हातात घेतली, बोअरमध्ये (मधल्या भोकात) बोट फिरवलं आणि म्हणाले, "पावनं, बोअर एकीकडं नि खाचा एकीकडं, दोघांची भेटच नाही." बोअरला हात लावला नाही. लेथच्या चकात एक तुकडा धरून पुलीच्या भोकाच्या मापाचं मँड्रेल, म्हणजे पुली बसेल असा दांडा काढला, तो चकातनं न सोडता तसंच पुली त्यावर चढवली, म्हणजे बोअर खरा धरून खाचा नव्यानं घ्यायच्या. पॉली-व्हीच्या ह्या जातीच्या खाचांमधलं अंतर २.३४ एमएम आणि कोन ४० अंश, मी मोबाईलवर दाखवलं, तर त्यांनी एक जुना एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) टूल ग्राईंडरवर धरला, पाण्यात बुडवला, उजेडात गेजला लावून बघितला, परत धरला, असं चार वेळा. मग एकेका खाचेवरनं नुसता केस काढल्यासारखा कट. एक चहा होईपर्यंत काम झालं, साडेतीनशे रुपये. डायल परत लावला तर काटा जेमतेम श्वास घेत होता.

त्यानंतर मशीन बदललंच म्हणायचं. आवाज म्हणजे मोटरचा गुणगुणाट आणि बेअरिंगची सळसळ, एवढाच. फिनिश सुधारलं, गिअरच्या दातांची जी एक थरथर जॉबवर उमटायची ती गेली. टॅकोवर (फेरे मोजायच्या मीटरवर) मोजलं तर वरच्या स्टेपला २९०० आरपीएम मिळतात, आधी २५०० च्या आसपास होते. ६ एमएमच्या एचएसएस एंड मिलला (दांडीसारख्या कटरला) ॲल्युमिनियममध्ये कापायचा वेग मिनिटाला ६० मीटर धरला तर ३२०० च्या आसपास पाहिजेत, म्हणजे जवळ आलो. पितळेच्या एका स्लॉटमध्ये कटरनं जॉब ओढून घेतला तेव्हा बेल्ट चुईंऽ करून घसरला आणि कटरचं टोक सोडून काही गेलं नाही. गिअर असते तर तिसरा सेट.

पण तोटा आहे आणि किट विकणारे तो सांगत नाहीत. लो गिअरला जो जोर होता तो बेल्टच्या खालच्या स्टेपला नाही. लो गिअरला टॉप ११०० होता, आता खालच्या स्टेपला १५०० आहे, म्हणजे तेवढ्याच आरपीएमला मोटर आधीपेक्षा हळू फिरते आणि हळू फिरताना ती आधीच अशक्त. १६ एमएमचा ड्रिल एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) ४०० ला चालवायला गेलो तर बेल्ट घसरला, रबराचा वास सुटला. आता १० पर्यंत इथं मारतो, पुढचं लेथवर. ज्यांचं काम मुख्य लोखंडात मोठी भोकं पाडायचं आहे त्यांनी गिअरच ठेवा. दाते असलेला टायमिंग बेल्ट लावला तर घसरणार नाही, पण मग अडकल्यावर काय मोडेल ते देव जाणे.

किटला पाचपैकी तीन, मामांना पाच. पुन्हा करायचं झालं तर मी किट घेणारच नाही, बेल्ट नि प्लेटचं मटेरियल आणून पुल्या उद्यमनगरातच ड्रॉईंग देऊन करून घेईन.

मेटल गिअरचा सेट पडून आहे, फार तर दहा तास चाललेला. कानाला त्रास नसेल त्यानं मेसेज करून घेऊन जावा, पैसे नकोत.