सीआरआर नंबर खरा होता, तरी फसवणूक झालीच

मूल अभ्यासात मागे पडतंय म्हणून पालक केंद्रात जातात. पाटीवर 'डॉ.', भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. अर्ध्या तासात टेस्ट, लगेच रंगीत रिपोर्ट आणि थेरपीच्या पॅकेजचे पैसे आगाऊ. पुढे शाळेच्या सवलतीसाठी कागद काढले की कळतं, हा रिपोर्ट चालत नाही.

'काउन्सेलर', 'माइंड कोच' अशी पाटी आठवडाभराच्या ऑनलाइन कोर्सवरही लावली जाते. बुद्ध्यांकासारख्या चाचण्या घेणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र भारतीय पुनर्वसन परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये, नोंदणी लागते; त्या नोंदणीचा क्रमांक म्हणजे सीआरआर नंबर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. किंवा परिषदेने मान्य केलेली पात्रता सांगितली आहे. परिषदेची मान्यता नसलेलं नुसतं एम.ए. पुरत नाही. पीएच.डी.ने 'डॉ.' लागतं, पण तेवढ्यावर ही नोंदणी मिळत नाही.

खरी मेख पुढे आहे. नंबर मागितला तर तो मिळतो, आणि परिषदेच्या वेबसाइटवर नावही सापडतं. पण त्याच नोंदवहीत विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ असे कितीतरी व्यावसायिक असतात. पालक नाव जुळलं की थांबतात. 'प्रवर्ग', म्हणजे नोंदणी कोणत्या कामासाठी आहे ते, आणि नोंदणीची मुदत बघतच नाहीत. विशेष शिक्षकाचं काम मोलाचं, पण बुद्ध्यांक चाचणीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून सही करणं त्याचं काम नव्हे.

रिपोर्टही बोलतो. चाचणीचं नाव, तारीख, मुलाचं त्या दिवशीचं वय, उपचाचण्यांचे गुण, सही आणि नोंदणी क्रमांक यातलं काही गायब असेल तर पैसे देण्याआधी विचारा. बुद्ध्यांक चाचणी एकेका मुलासमोर बसून घ्यावी लागते, तासभर सहज जातो. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही. तिथे पैसे घालवूच नका.

आणि 'गोळ्या बंद करा' असं कुणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. औषध सुरू किंवा बंद करणं मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं काम. अचानक बंद केलेल्या औषधाने आजार उलटू शकतो.

पैसे गेलेच असतील तर पावती, रिपोर्ट, जाहिरात आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. परिषदेकडे लेखी तक्रार करा, पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. १९९२ च्या परिषद कायद्यात विनानोंदणी काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. हजाराने कुणाला घाम फुटणार नाही, म्हणून खोट्या पदवीचा पुरावा हाती असेल तर पोलिसांत फसवणुकीची तक्रारही द्या.